कार्यक्रमपत्रिकेचा लेखक : जॉर्ज वीन आणि न्यूपोर्ट

'प्रमोटर' ह्या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. 'संयोजक' म्हटले की छातीवर बिल्ला लावून व्यासपीठाच्या कडेला ताटकळणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. 'आयोजक' हा शब्द चौकाचौकांतल्या फलकांवर इतका झिजला आहे की त्यातून आता काहीच सूचित होत नाही. अर्थाने सर्वांत जवळचा शब्द नाटकवाल्यांच्या आणि तमाशावाल्यांच्या बोलीत आहे : कंत्राटदार, ठेकेदार. ठरलेली रक्कम मोजून प्रयोग विकत घ्यायचा, गावात तिकिटे विकायची, आणि उरेल तो नफा वा बुडेल ती रक्कम आपली मानायची, हा त्याचा व्यवसाय. परंतु ह्या शब्दाला डांबराचा आणि टेंडरचा वास येतो, आणि कलेच्या इतिहासात हा माणूस आलाच तर बहुधा कलावंताचे पैसे बुडवणारा म्हणून येतो. नाटककाराचा, नटाचा, गायकाचा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो. प्रयोग कोणत्या गावी, कोणाच्या जोडीने आणि किती रुपयांना झाला हे ज्याने ठरवले त्याचा शिकवत नाही.

विसाव्या शतकातल्या एका कलाप्रकाराच्या बाबतीत तरी ही उणीव भरून काढल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो कलाप्रकार म्हणजे अमेरिकन जॅझ. मद्यगृहांत, नृत्यगृहांत, धुराने कोंदलेल्या तळघरांत वाजणारे हे संगीत, कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन, उघड्या आकाशाखाली, दिवसभर बसून ऐकण्याची कला कसे झाले? ह्या प्रश्नामागे गेले की वादकांच्या नावांबरोबर जॉर्ज वीन हे नाव वारंवार आडवे येते. सगळे श्रेय त्याचे नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बेनी गुडमनचा वाद्यवृंद १९३८ सालीच कार्नेगी हॉलमध्ये वाजला होता. नॉर्मन ग्रँझ १९४४ पासून आपल्या 'जॅझ ॲट द फिलहार्मोनिक'च्या मैफली भरवत होता, आणि पुढे त्या गावोगावी नेताना श्रोत्यांत वर्णभेद केला जाणार नाही ही अट करारात घालत होता. वीनचे वेगळेपण असे की तो कार्यक्रमपत्रिका रचणारा होता. आणि पत्रिका रचणे म्हणजे कोण कोणाच्या शेजारी, कोणत्या गावात आणि कोणत्या दराने उभा राहील हे ठरवणे. त्यामुळे आमच्या मते त्याच्या जवळजवळ प्रत्येक यशाच्या तळाशी वर्णाचा आणि पैशाचा एक हिशेब आहे, आणि तो त्याच्याआधी वादकांनी ओळखला होता.

वीन १९२५ सालचा. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, एका ज्यू डॉक्टरच्या घरात वाढला. पियानो वाजवायचा, आणि बरा वाजवायचा. परंतु थोर वादक आणि बरा वादक ह्यांच्यातले अंतर त्याला लवकर उमगले असावे. महायुद्धात सैन्यात काम करून परतल्यावर त्याने बॉस्टन विद्यापीठाची पदवी घेतली, आणि त्याच वर्षी, १९५० साली, कोप्ली स्क्वेअर हॉटेलात 'स्टोरीव्हिल' नावाचा क्लब काढला. न्यू ऑर्लिन्स शहराच्या ज्या वेश्यावस्तीत जॅझचे बाळपण गेले असे सांगितले जाते, आणि जी १९१७ साली नौदलाच्या दडपणामुळे बंद झाली, तिचे हे नाव. पंचविशीतल्या मुलाने बॉस्टनच्या सभ्य हॉटेलातल्या क्लबाला ते द्यावे ह्यात थोडा खट्याळपणा आहे. त्या नावाचे शहर पुढे त्याला आठ वर्षे दाराबाहेर उभे करणार होते, हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नसणार.

क्लबाचा धंदा कसा चालतो हे समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. क्लबात संगीत हे विक्रीचे निमित्त; विकली जाते ती दारू. वादकाशी करार आठवड्याचा. तो रोज रात्री दोन-तीन फेऱ्या वाजवतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये टेबले उठतात, नवी बसतात, पेले भरले जातात. एखादी रात्र पावसाने वाया गेली तर शनिवार ती भरून काढतो. म्हणजे जोखीम थोडीथोडी आणि रोजची. ह्या व्यवस्थेत मालकाला दोन गोष्टी शिकता येतात. कोणत्या नावाला किती माणसे येतात ही पहिली. दुसरी अधिक मोलाची : वादकांशी कसे बोलावे, कोणाला आगाऊ पैसे लागतात, कोण वेळेवर येत नाही, कोणाच्या शेजारी कोणाला ठेवू नये. चार्ली पार्कर, बिली हॉलिडे, डेव्ह ब्रूबेक ही मंडळी स्टोरीव्हिलमध्ये वाजवून-गाऊन गेली. वीनची खरी शाळा हीच.

१९५३ च्या सुमारास ह्या क्लबात ईलेन लोरिलार्ड ही श्रीमंत स्त्री आली. तिचा नवरा लुई हा तंबाखूच्या एका जुन्या अमेरिकन घराण्याचा वंशज. दोघे न्यूपोर्टला राहात. ऱ्होड आयलंड राज्यातले हे बंदराचे गाव. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारावर गबर झालेले, आणि एकोणिसाव्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या कोट्यधीशांनी तेथे उन्हाळ्यासाठी संगमरवरी वाडे बांधलेले. त्या वाड्यांना ते कौतुकाने 'कॉटेज' म्हणत. ईलेनबाईंची अडचण साधी होती : न्यूपोर्टचा उन्हाळा कंटाळवाणा झाला आहे, तेथे जॅझचे काही करता येईल का? बॉस्टन सिंफनीचा टँगलवुडचा उन्हाळी महोत्सव वीनला ठाऊक होता. अभिजात संगीतासाठी जे होते ते जॅझसाठी का नको, एवढाच विचार त्याने केला. लोरिलार्डांनी पैशाची हमी दिली. १७ आणि १८ जुलै १९५४ ला न्यूपोर्ट कॅसिनोत पहिला महोत्सव झाला. हे कॅसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे; अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धा जेथे १८८१ पासून भरत असत ती ही जागा. बिली हॉलिडे, एला फिट्झजेराल्ड, डिझी गिलेस्पी त्या हिरवळीवर आले. श्रोते हजारोंनी आले. आणि ज्यांना ऐकण्यासाठी हे हजारो आले त्या कृष्णवर्णीय वादकांना गावात राहायला खोल्या मिळेनात. पुढल्या वर्षी महोत्सवाला टेनिसच्या हिरवळीवर जागा उरली नाही. तो फ्रीबडी पार्क ह्या मैदानावर गेला.

(आपल्याकडे ह्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ साली, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. साम्य दाखवण्याचा मोह आवरतो, कारण मुळातच फरक आहे : तो गुरूच्या स्मरणार्थ शिष्यांनी, म्हणजे गाणाऱ्यांनीच, सुरू केला होता. न्यूपोर्टला गाणारे-वाजवणारे पाहुणे होते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.)

क्लब आणि महोत्सव ह्यांत वीनच्या हाताला काय नवे लागले? क्लबात एका आठवड्यात एक नाव. महोत्सवात एका रात्री आठ-दहा नावे, आणि त्यांचा क्रम. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे चटकन कळावे, कारण नियतकालिकाचा संपादक हेच करतो. कविता कथेच्या आधी छापली की नंतर, नव्या लेखकाला कोणत्या थोर लेखकाच्या पाठीला बसवले, ह्यातून वाचन बदलते. १९५५ च्या न्यूपोर्टमध्ये माइल्स डेव्हिसचे नाव असेच मागाहून, ऐनवेळच्या एका जमावात घातले गेले. तो व्यसनातून नुकता उठलेला होता, बाजारात त्याचे नाव पडलेले होते. थेलोनियस मंक पियानोवर, मंकचीच 'राउंड मिडनाइट' ही रचना. माइल्सने ट्रंपेटचे तोंड ध्वनिक्षेपकाला लावून ती वाजवली आणि त्यानंतर कोलंबिया ह्या बड्या कंपनीशी त्याचा करार झाला.

१९५६ ची ७ जुलैची रात्र तर दंतकथाच झाली आहे. ड्यूक एलिंग्टन तेव्हा सत्तावन्नाचा. वाद्यवृंदांचा काळ सरला आणि त्याच्याबरोबर हाही सरला, असे मानले जात होते. रात्री उशिरा, श्रोते उठू लागलेले असताना, त्याने १९३७ मधल्या आपल्या दोन जुन्या रचनांची जोडी काढली आणि त्यांच्या मधल्या जागेत सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिसला मोकळे सोडले. गोन्साल्व्हिस सत्तावीस आवर्तने वाजवत राहिला. लोक खुर्च्यांवर चढून नाचू लागले. वीन मंचाच्या कडेला उभा राहून आता थांबवा अशी खूण करीत होता. त्याला दंगलीची भीती होती, परवाना त्याच्या नावावर होता. एलिंग्टनने ऐकले नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि आपला जन्म न्यूपोर्टला झाला असे पुढे थट्टेने सांगत राहिला. आम्हांला ह्या प्रसंगात गोन्साल्व्हिसइतकाच तो खुणा करणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. पत्रिका त्याने रचली. पण ती पेटली तेव्हा ती विझवू पाहणाराही तोच होता. प्रमोटरच्या धंद्याचे द्वैत एका चित्रात पाहायचे तर हे चित्र पुरे आहे. (त्या रात्रीची म्हणून जी तबकडी गाजली तिचा बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवलेला होता, हेही पुढे उघड झाले. मूळ रात्र १९९९ च्या आवृत्तीत ऐकायला मिळाली.)

ही भीती खोटी नव्हती. महोत्सव वाढत गेला तशी त्याची पत्रिका फुगत गेली. १९५९ साली तर 'किंग्स्टन ट्रायो'सारखे लोकप्रिय गट जॅझच्या महोत्सवात घेतले गेले, कारण त्यांच्या नावावर तिकिटे खपत. गावात आठवडाअखेर साजरी करायला आलेली महाविद्यालयीन पोरे जॅझसाठी येत होती की बिअरसाठी, हा प्रश्न विचारण्याजोगा झाला. २ जुलै १९६० च्या शनिवारी रात्री मैदान भरल्यावर बाहेर राहिलेल्या हजारो तरुणांनी रस्त्यांवर बाटल्या फेकायला सुरुवात केली. अश्रुधूर, पाण्याचे फवारे, शेवटी नॅशनल गार्ड. हे तरुण बहुतांशी गोरे आणि खात्यापित्या घरांतले होते, हे त्या काळच्या वृत्तांतांतही नोंदलेले आहे. शिक्षा मात्र झाली ती संगीताला. नगर परिषदेने उरलेला महोत्सव रद्द केला. रविवारची दुपार तेवढी होऊ दिली.

त्या रविवारी दुपारी ब्लूजचा कार्यक्रम होता. महोत्सवाच्या संचालक मंडळावर असलेला कवी लँग्स्टन ह्यूज तेथे हजर होता. रद्द झाल्याची बातमी आली तेव्हा त्याने तारेच्या कोऱ्या कागदांवर, जागच्या जागी, न्यूपोर्टला निरोप देणारे एक ब्लूज लिहिले, आणि मडी वॉटर्सच्या ताफ्यातला पियानोवादक ओटिस स्पॅन ह्याने ते तेथल्या तेथे गायले. ते ध्वनिमुद्रितही झाले. ब्लूजच्या लोकबंधातून आधुनिक कविता घडवण्याचा उद्योग ह्यूज १९२० च्या दशकापासून करीत आला होता; त्या दुपारी कविता पुस्तकाला वळसा घालून परत गायकाच्या गळ्यात गेली. हार्लेम रेनेसान्स शिकवताना ही दुपार सांगितली पाहिजे असे आम्हांला फार वाटते.

परंतु त्या दिवसांत न्यूपोर्टला दुसराही एक महोत्सव चालू होता, आणि ह्या लेखाच्या दृष्टीने तोच अधिक बोलका आहे. थोड्या अंतरावर, क्लिफ वॉक मॅनर ह्या हॉटेलच्या आवारात, बासवादक चार्ल्स मिंगस आणि ढोलवादक मॅक्स रोच ह्यांनी बंडखोर महोत्सव मांडला होता. तक्रार दुहेरी होती. पैशाची : मोठ्या, बहुधा गोऱ्या, नावांना मिळणारे मानधन आणि इतरांना मिळणारे मानधन ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आणि कलेची : जॅझच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत जॅझलाच जागा उरलेली नाही. हॉटेलमालकाने आवार दिले. मंच उभारणे, प्रसिद्धी, तिकिटे, निवेदन हे सगळे वादकांनी स्वतः केले. श्रोते काही शेकड्यांत मोजता येतील इतकेच. मात्र त्या लहान मंचावर पंचावन्न वर्षांचा कोलमन हॉकिन्स आणि तिशीतला ऑर्नेट कोलमन, म्हणजे जॅझचा भूतकाळ आणि त्याचे न ओळखलेले भविष्य, एकत्र होते. ह्या बंडखोरांच्या मदतनिसांत ईलेन लोरिलार्डही होती. जिच्या कल्पनेतून मूळ महोत्सव निघाला ती तोवर त्याच्या कारभारातून बाहेर पडली होती.

१९६० हे वर्षही ध्यानात घ्यावे. फेब्रुवारीत ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहाच्या 'गोऱ्यांसाठी'च्या बाकावर जाऊन बसले होते. बंडखोर महोत्सवानंतर दोनच महिन्यांत रोचने 'वुई इन्सिस्ट!' ही स्वातंत्र्याच्या मागणीची रचना मुद्रित केली. क्लिफ वॉक मॅनरचे बंड ह्याच साखळीतले होते. आमची पत्रिका आम्ही रचू, आमचा दर आम्ही ठरवू, हे त्याचे म्हणणे. मराठी वाचकाला इथे लघुनियतकालिकांची आठवण येईल, १९६९ मधली 'सत्यकथे'ची होळी आठवेल. संपादकाच्या अभिरुचीवरचा राग आणि त्याच्या सत्तेवरचा राग वेगळे काढता येत नाहीत, हे दोन्हीकडे सारखेच. आणि दुर्दैवाने पुढचेही सारखे. वादकांनी 'जॅझ आर्टिस्ट्स गिल्ड' काढले, 'न्यूपोर्ट रेबेल्स' नावाची एक तबकडी निघाली, आणि गिल्ड फार काळ टिकले नाही. वाजवणाऱ्याला वाजवायचे असते. परवाने, विमा, छापखाना, गल्ला हे बारा महिने करणारा वेगळा माणूस लागतो. वीनचा धंदा ह्या वस्तुस्थितीवर उभा होता. तिच्यामुळे मिंगसची तक्रार मात्र खोटी ठरत नाही.

त्या तक्रारीचे एक उत्तर वीनकडून आले असे आम्ही मानतो, जरी त्याने ते तसे म्हटलेले आमच्या वाचनात नाही. १९५९ साली त्याने न्यूपोर्टलाच लोकसंगीताचा महोत्सव सुरू केला होता. अठरा वर्षांची जोन बाएझ तेथे प्रथम लोकांपुढे आली. दंगलीनंतर तो खंडला. १९६३ साली पुन्हा उभा राहिला तो नफा न घेणारी संस्था म्हणून, आणि पीट सीगर व त्याची पत्नी तोशी ह्यांच्या कल्पनेप्रमाणे एका अपूर्व नियमाने : नामांकित असो वा अनाम, प्रत्येकाला मानधन ५० डॉलर आणि प्रवासखर्च. बॉब डिलनलाही तेवढेच आणि मिसिसिपीच्या शेतावरून आणलेल्या म्हाताऱ्या जॉन हर्टलाही तेवढेच. उरलेल्या पैशांतून राल्फ रिंझलरसारख्यांना खेड्यापाड्यांतून गायक शोधण्यासाठी धाडले गेले. त्यातून लुइझियानाच्या केजन वादकांचा ताफा १९६४ साली न्यूपोर्टला आला, आणि ज्या संगीताची आपल्याच गावात टर उडवली जात होती त्याला परतल्यावर मान मिळू लागला. १९६५ मध्ये डिलनने विजेवरची गिटार घेतली त्या रात्रीवर ग्रंथ लिहिले गेले आहेत. ५० डॉलरच्या त्या नियमावर एखादे प्रकरणही सापडत नाही.

आता त्या शहराकडे, ज्याचे नाव बॉस्टनच्या क्लबाला दिले होते. न्यू ऑर्लिन्सच्या एका मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने १९६२ साली वीनला बोलावले : न्यूपोर्टसारखे काही आमच्याकडे करा. बोलणी झाली आणि थांबली, कारण कायदा. गोरे आणि कृष्णवर्णीय वादक एका मंचावर बसू शकत नव्हते. ड्यूक एलिंग्टनला शहरातल्या चांगल्या हॉटेलात खोली मिळू शकत नव्हती. ज्या गावात जॅझ जन्मले त्या गावात जॅझचा महोत्सव कायद्याने अशक्य होता. शिवाय एक घरची अडचण होती. वीनची पत्नी जॉइस अलेक्झांडर कृष्णवर्णीय होती, शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ. १९५९ साली त्यांनी लग्न केले होते, आणि लुइझियानात असा विवाह १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत बेकायदा होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने मंच आणि हॉटेले मोकळी झाली, तरी मने झाली नव्हती. १९६८ साली शहराने जॅझ महोत्सव भरवला तेव्हा तो वीनकडे न देता 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा निवेदक विलिस कोनोव्हर ह्याच्याकडे सोपवला. आपली बायको कृष्णवर्णीय असल्याने नगरपित्यांची पंचाईत होईल हे त्यामागचे कारण होते, असे वीनने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१९७० साली अखेर त्याला बोलावणे आले. येथे त्याने जे केले ते त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत शहाणपणाचे काम असे आमचे मत आहे. न्यूपोर्टला त्याने बाहेरचे संगीत एका श्रीमंत गावात नेले होते. न्यू ऑर्लिन्सला त्याने बाहेरून फारसे काही आणले नाही. गावात जे होते त्याचीच पत्रिका केली. क्विंट डेव्हिस आणि ॲलिसन मायनर ही दोन तरुण मुले हाताशी धरली आणि त्यांना गल्ल्यांतून, चर्चमधून, मद्यगृहांतून माणसे गोळा करायला सांगितले : गॉस्पेलचे गायकवृंद, अंत्ययात्रेत वाजणारे ब्रास बँड, पिसांचे पोशाख घालून नाचणारे मार्डी ग्रा इंडियन, केजन, ब्लूज, आणि ह्यांच्याबरोबरीने गंबो रांधणाऱ्या बाया. जागा होती बोरेगार्ड स्क्वेअर. हे नाव गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचे. परंतु लोक त्या जागेला काँगो स्क्वेअर म्हणत, कारण गुलामांना रविवारी एकत्र जमून ढोल वाजवण्याची, नाचण्याची मुभा जेथे होती ती हीच जागा. (शहराने अधिकृत नाव बदलले ते २०११ साली.) पहिल्या वर्षी श्रोते सुमारे साडेतीनशे, म्हणजे मंचांवरच्या कलावंतांच्या निम्मे. तिकीट तीन डॉलर. महालिया जॅक्सन त्याच शहरात जन्मलेली. ती चौकात आली आणि ब्रास बँडच्या साथीने गायली. एलिंग्टनने ह्या महोत्सवासाठी 'न्यू ऑर्लिन्स स्वीट' रचले. हॉटेलात खोली न मिळण्याचा काळ सरून जेमतेम सहा वर्षे झाली होती. हाच महोत्सव पुढे शर्यतीच्या मैदानावर गेला, आणि २००१ साली तेथे साडेसहा लाखांहून अधिक माणसे आली.

न्यूपोर्टची त्या काळातली कथा थोडक्यात सांगता येईल. १९६९ साली वीनने जॅझच्या पत्रिकेत रॉकचे गट घेतले. गर्दी आवरेना. १९७१ साली डायॉन वॉर्विक गात असताना कुंपण मोडून लोक मंचावर आले, आणि न्यूपोर्ट पुन्हा बंद झाले. पुढल्या वर्षी त्याने नाव तेच ठेवून महोत्सव न्यूयॉर्कला नेला. न्यूपोर्टला तो परतला १९८१ साली, समुद्राकाठच्या एका जुन्या किल्ल्याच्या आवारात.

ह्या मधल्या वर्षांत मात्र एक बदल झाला. उघड्यावरच्या महोत्सवाची जोखीम क्लबासारखी थोडीथोडी नसते. वर्षभराचे भांडवल तीन दिवसांवर लागलेले असते, आणि एक पाऊस ते धुऊन नेतो. ह्यावर वीनने काढलेला उपाय म्हणजे महोत्सवाच्या नावातच कंपनीचे नाव घालणे. आधी एक बिअर कंपनी आली, मग 'कूल' ही मेंथॉलची सिगारेट, मग १९८४ पासून 'जेव्हीसी' ही जपानी कंपनी. आज हे इतके सर्रास आहे की त्यात कोणी काही केले असे वाटतही नाही. ते कोणी तरी प्रथम केले आणि त्यात वीन अग्रेसर होता. पैसा नियमित झाला, वादकांचे मानधन वेळेवर आणि वाढीव मिळू लागले, हे खरेच. परंतु तंबाखू कंपन्या मेंथॉलची सिगारेट मुद्दाम कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांपर्यंत नेत होत्या, आणि जॅझच्या मैफली हा त्या मोहिमेचा भाग होता, हे त्या कंपन्यांच्या पुढे उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसते. तंबाखूच्या वारसाच्या हमीवर सुरू झालेला उद्योग तीस वर्षांच्या आत तंबाखूचीच जाहिरात होऊन बसला. वीनला ह्याबद्दल दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. ते न करता आम्ही एवढेच विचारतो : मिंगसने १९६० मध्ये विचारलेला प्रश्न, हे संगीत कोणाचे आणि त्याच्या नावावर विकले काय जात आहे, तो ह्या वर्षांत कोणी कोठे विचारला?

न्यूपोर्टचा हा साचा अमेरिकेबाहेरही गेला. फ्रान्समध्ये नीस येथे १९७४ पासून वीननेच महोत्सव भरवला. मुंबईत निरंजन झवेरी ह्यांनी १९७८ साली धोबी तलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' सुरू केली तेव्हा सॉनी रॉलिन्स तेथे वाजवून गेला. वीनचा तिच्याशी संबंध नव्हता. पण अनेक देशांचे वादक एका पत्रिकेत बसवून उघड्यावर काही रात्री ऐकवायचे, ही कल्पना तोवर सर्वांची झाली होती. 'जॅझ यात्रे'चा इतिहास मराठीत कोणी तरी लिहायला हवा.

वीनने २००३ साली आत्मचरित्र लिहिले, नेट चिनेन ह्या समीक्षकाच्या साहाय्याने. त्याचे नाव 'मायसेल्फ अमंग अदर्स'. इतरांमध्ये मी. आत्मचरित्राची परंपरा शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक पाहावे, कारण त्याचा नायक सतत कडेला सरकतो. पाचशेहून अधिक पानांत माइल्स आहे, मंक आहे, मिंगस तर आहेच, एलिंग्टन ठायी ठायी आहे; लेखक बहुधा तिकिटांचा हिशेब करताना, विमानतळावर कोणाला तरी घ्यायला जाताना किंवा कोणाची तरी समजूत घालताना भेटतो. कलावंताच्या आत्मचरित्रात 'मी हे का केले' असते. इथे बहुतेक वेळा 'ते कितीला पडले' आहे, आणि आम्हांला त्याचा कंटाळा आला नाही.

२००७ साली, ऐंशी उलटल्यावर, त्याने आपली कंपनी विकली. घेणाऱ्यांनी मोठमोठे बेत केले आणि दोन वर्षांत ते बुडाले. वादकांची आणि राज्य सरकारची देणी राहिली. २००९ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्टला महोत्सव होणार नाही असे दिसू लागले तेव्हा वीन परत आला. महोत्सवाच्या जुन्या नावाचा हक्क त्याच्याकडे उरला नव्हता. म्हणून त्या वर्षीचा महोत्सव त्याच्याच नावाने भरला, 'जॉर्ज वीन्स केअरफ्यूजन जॅझ फेस्टिव्हल ५५'. जुने नाव पुन्हा हाती आल्यावर त्याने जॅझ आणि लोकसंगीत हे दोन्ही महोत्सव नफा न घेणाऱ्या प्रतिष्ठानाकडे सोपवले, म्हणजे १९६३ साली सीगर दांपत्याने ज्या वाटेवर नेले होते तेथेच. १३ सप्टेंबर २०२१ ला, पंच्याण्णवाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये वारला. अखेरच्या वर्षांत तो एका छोट्या विद्युतगाडीत बसून न्यूपोर्टचे मैदान फिरत असे, एका मंचापाशी थोडे ऐकून दुसऱ्याकडे. कधी मंचावर जाऊन पियानोही वाजवी.